काडतुसांच्या खोलीत आणखी काय होते? ठाण्यातील एका रायफल क्लबच्या साठ्याचा प्रकरण अभ्यास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या औद्योगिक गाळ्यात एक रायफल क्लब चालतो. क्लबच्या कार्यकारिणीने आपल्या काडतूस साठ्याची सुरक्षा-पाहणी करून घेतली आणि ते काम माझ्याकडे आले. त्या पाहणीत काय आढळले, त्यावर कोणते वाद झाले आणि शेवटी कोणते फेरबदल ठरले, याची ही नोंद कार्यकारिणीच्या संमतीने लिहिली आहे. क्लबचे नाव, गाळा क्रमांक आणि जागा ओळखता येईल असा तपशील मुद्दाम दिलेला नाही, कारण काडतुसांचा साठा कुठे आहे हे गावभर सांगणे हाच त्या साठ्याला पहिला धोका असतो.

साठा एवढा का वाढला

नेमबाजी न करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडेल की, क्लबला इतकी काडतुसे एकदम कशाला लागतात. स्पर्धेतला नेमबाज काडतुसाचा बोअर आणि कंपनी पाहून थांबत नाही, तो त्याचा लॉट क्रमांकही, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांकही, पाहतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या पॉइंट २२ काडतुसांचे दोन लॉट एकाच रायफलीतून वेगवेगळा गट देतात, म्हणजे लक्ष्यावरची छिद्रे कमीजास्त जवळ पडतात, आणि वर्षभर एका लॉटवर सराव केलेल्या खेळाडूला ऐन स्पर्धेच्या तोंडावर दुसऱ्या लॉटकडे वळणे परवडत नाही. शिवाय चांगला माल बहुतेक परदेशातून येतो, परवानग्यांना वेळ लागतो, आणि म्हणून एकदा मागवायचा तर वर्षाचा मागवायचा, अशी रीत पडते. या क्लबमध्येही तेच झाले. नवा माल उतरला तेव्हा जुना शिल्लक होताच.

पाहणीच्या वेळी पॉइंट २२ ची सुमारे ६०,००० काडतुसे, ट्रॅप नेमबाजीची (हवेत उडवलेल्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची) १२ बोअरची सुमारे ८,००० आणि पिस्तुलाच्या पॉइंट ३२ ची सुमारे ३,००० अशी शिल्लक होती. आकडा ऐकून कार्यकारिणीतील काही जणांना धडकी भरली होती, म्हणून पहिली बैठक हिशेबातच गेली. पॉइंट २२ चे एक काडतूस साधारण सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातील बारूद एक दशांश ग्रॅमपेक्षाही थोडी कमी असते. म्हणजे साठ हजार काडतुसांचे वजन दोनशे किलोच्या घरात असले, तरी बारूद जेमतेम पाच किलो होते. १२ बोअरच्या एका काडतुसात सुमारे १.४ ग्रॅम बारूद धरली, तर आठ हजारांत ती अकरा किलोंच्या पुढे जाते. पॉइंट ३२ चा वाटा अर्ध्या किलोच्या आतला. थोडक्यात, अर्ध्या टनाहून अधिक माल होता, त्यात जळणारी बारूद सोळा-सतरा किलो होती, आणि बाकीचे सगळे शिसे, पितळ, प्लास्टिक आणि पुठ्ठा होते.

ही बारूद काडतुसांमध्ये वाटली गेली आहे, हा या हिशेबातला महत्त्वाचा भाग आहे. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत स्फोटकांचा वर्ग १ असतो. त्यातील १.१ विभागात एकदम संपूर्ण साठ्याचा स्फोट होऊ शकतो, तर छोट्या शस्त्रांची काडतुसे सहसा १.४ एस या गटात येतात, ज्याचा अर्थ असा की, अपघात झाला तरी त्याचा परिणाम मुख्यतः त्या वेष्टनापुरता राहतो. बंदुकीच्या नळीबाहेर पेटलेले काडतूस गोळी झाडत नाही. मागून आधार नसल्यामुळे जड शिसे जवळपास जागीच राहते आणि हलकी पुंगळी (काडतुसाचे बाहेरचे कवच) फाटून तिचे तुकडे व ठोक्याने पेटणारी टोपी उडतात. त्यांनी डोळा जाऊ शकतो, कातडी फाटू शकते. मात्र अग्निशमन जवानाचा जाड पोशाख आणि चेहऱ्यावरची ढाल त्यांना अडवू शकते. भरलेले शस्त्र आगीत सापडले तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तिथे नळी आहे आणि गोळीला दिशा आहे.

या वर्गवारीला एक अट आहे आणि ती सर्रास विसरली जाते. १.४ एस हा शेरा मूळ वेष्टनातल्या काडतुसांना आहे. पन्नासाच्या डबीत प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खण असतो, डब्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलेल्या असतात, आणि त्या रचनेवरच तो शेरा मिळालेला असतो. क्लबच्या खोलीत कोपऱ्यात रंगाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता व त्यात जागा वाचावी म्हणून काही हजार सुटी पॉइंट २२ काडतुसे ओतून ठेवली होती. या जातीच्या काडतुसात पेटवण्याचे मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते, म्हणजे ठोका बसण्याची जागा कडेभर उघडी असते. वर घट्ट झाकण लावल्याने आगीच्या वेळी वायूला वाट उरणार नव्हती. संपूर्ण खोलीतला सर्वांत धोकादायक असा काडतुसांचा भाग कोणता, याचे माझे उत्तर हा डबा असे होते, आणि तो त्याच दिवशी रिकामा करून काडतुसे खणांच्या डब्यांत भरली गेली.

खोली आणि तिच्यातले इतर सामान

खोली पोटमाळ्यावर होती. तिथे नेण्याचे कारण रास्त होते. २६ जुलै २००५ च्या पावसात ठाण्यातही पाणी तुंबले होते, आणि तेव्हापासून या गाळ्यात जे जे जपायचे ते वर, असा नियमच झाला. वरच्या खोलीला जाड ग्रिल, पोलादी दरवाजा, दोन वेगवेगळ्या माणसांकडे किल्ल्या असलेले दुहेरी कुलूप आणि कॅमेरा होता. चोरीच्या दृष्टीने पाहिले, तर व्यवस्थेत बोट ठेवायला जागा नव्हती.

नेमके त्यामुळेच बिघडले होते. गाळ्यातली एकमेव पक्की खोली तीच असल्याने किमती, नाजूक किंवा कोणी उचलून नेईल अशी प्रत्येक वस्तू तिथे जाऊन बसली होती. काडतुसांच्या मांडणीसमोर एअर रायफलींत हवा भरण्याचा मोठा सिलिंडर उभा होता, ज्यात भरल्यावर दोनशे बारहून अधिक दाब असतो. बाजूला इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. खालच्या फळीवर करोनाच्या काळात घेतलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन अर्धवट भरलेले होते. कागदी टार्गेटचे गठ्ठे, जनरेटरच्या डिझेलचा कॅन, नळ्या साफ करण्याची द्रावणे, तेलात भिजलेली फडकी, आणि सदस्यांची काही शस्त्रे, हे सगळे एका खोलीत होते.

कोत, म्हणजे शस्त्रे-काडतुसांचे कोठार, सांभाळणारे निवृत्त हवालदार नोंदवहीला अतिशय काटेकोर आहेत. त्यांच्या वहीतली शिल्लक आणि फळीवरची शिल्लक यांत एका काडतुसाचाही फरक निघाला नाही, रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेबसुद्धा चोख होता. सॅनिटायझरविषयी विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, एक काडतूस कमी भरलं तर चौकशी माझी होते. खोलीत अजून काय ठेवलंय, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.” या एका उत्तरात प्रकरणाचे मूळ आहे. तपासणीला येणारा प्रत्येक जण संख्या मोजतो, कुलूप पाहतो आणि सही करतो. त्यामुळे सांभाळणाऱ्याचे सगळे लक्ष चोरीवर केंद्रित होते आणि आग, उष्णता व दमट हवा यांना कोणी वाली उरत नाही.

कार्यकारिणीच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी इथे १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटाची आठवण काढली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी व तेलाची पिंपेही चढवलेली होती. आग कापसाला लागली आणि स्फोटकांपर्यंत पोहोचली. त्या दिवशी मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. एक भेद इथे ध्यानात ठेवायला हवा: ती उच्च स्फोटके होती, क्लबची काडतुसे त्या जातीची नाहीत, आणि दोन्हींची तुलना करून सदस्यांना घाबरवणे योग्य नव्हते. पण पेट घेणारी वस्तू आणि स्फोटक वस्तू शेजारी ठेवण्याची चूक दोन्हीकडे एकच आहे. सतरा किलो बारूद आपणहून पेटणार नव्हती. ती पेटवायला लागणारे सगळे साहित्य मात्र हाताच्या अंतरावर, त्याच कुलपाआड होते.

पत्रा, पाऊस आणि कबुतरे

पोटमाळ्याच्या वर थेट पत्रे होते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अशा खोलीचे तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते. उन्हाने काडतुसे फुटतील, ही काही सदस्यांची भीती निराधार होती, कारण बिनधुराची बारूद आपोआप पेट घ्यायला दीडशे अंश सेल्सियसच्या वरचे तापमान लागते. उष्णतेचे खरे नुकसान संथ असते. बारूद मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. ती वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होत राहते, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि तेच पुढच्या विघटनाला वेग देतात. हे ऑक्साइड शोषून घेण्यासाठी बारुदीत डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक मिसळलेले असते, पण ते खर्च होत जाते, आणि दर दहा अंशांच्या वाढीला विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. एक उन्हाळा निभावतो. मागच्या फळीवर विसरलेला लॉट असे अनेक उन्हाळे काढतो, आणि मग एक तर काडतूस फुसके जाते किंवा दाब कमीजास्त होतो.

म्हणूनच क्लबने खोलीत एअर कंडिशनर बसवला होता, आणि तो कार्यालय चालू असेपर्यंतच चालत असे. पावसाळ्यात त्याचा उलटा परिणाम होत होता. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्याखाली हवेतली वाफ दव होऊन बसते ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो. ठाण्यात जुलै महिन्यात असे दिवस नवलाचे नाहीत. म्हणजे बावीस अंशांच्या खोलीतून काढलेली डबी रेंजवर नेऊन लगेच उघडली, की प्रत्येक पितळी पुंगळीवर बारीक दव धरते. पाहणीच्या दिवशी एक डबी मुद्दाम उघडून पाहिली. काही क्षणांत पितळेची चकाकी मंदावली आणि बोट फिरवल्यावर त्यावर ओला पट्टा उमटला. प्रशिक्षक ताईंनी तेव्हा सांगितले की, पावसाळ्यात मुलांच्या गोळ्यांचे गट फाकतात आणि त्या इतके दिवस ते मुलांच्या श्वासावर ढकलत होत्या. गट फाकण्याचे कारण हेच होते असे एका डबीवरून म्हणता येणार नाही, तरी ओल्या काडतुसांनी सराव होत होता एवढे नक्की.

सर्वांत बोलका पुरावा पॉइंट ३२ च्या जुन्या डब्यांत मिळाला. खिडकीजवळच्या फळीवरच्या काही काडतुसांचे पितळ काळवंडले होते, आणि भिंगातून पाहिल्यावर तोंडाजवळ, गोळी दाबून बसवलेली असते त्या कडेला, केसासारख्या बारीक उभ्या चिरा दिसल्या. हवालदारसाहेबांचा पहिला समज, माल मुळातच खराब आला, असा होता. मात्र त्याच लॉटच्या, दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या डब्या स्वच्छ होत्या. खिडकीबाहेर एअर कंडिशनरच्या खोबणीत कबुतरांनी घर केले होते आणि ओलसर विष्ठेचा थर आतल्या चौकटीपर्यंत आला होता. त्याच फळीवर नळीतील तांब्याचा थर काढण्याच्या, अमोनियायुक्त द्रावणाची बाटली बूच सैल असलेल्या अवस्थेत होती.

पितळ, ताण, ओलावा आणि अमोनिया एकत्र आले की पितळ तडकते, हे ज्ञान भारतातल्याच पावसाळ्याने दिलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात रिकाम्या तबेल्यांत ठेवली जात, आणि पावसाळा संपला की त्यांतील कित्येक तडकलेली निघत. घोड्यांच्या मुत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना पितळात राहिलेला ताण, यांचा हा एकत्रित परिणाम असल्याचे १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी उलगडून दाखवले. तेव्हापासून पुंगळ्या मंद आचेवर तापवून ताण घालवण्याकडे कारखाने अधिक लक्ष देतात. तरीही तोंडाशी गोळी आवळल्याने येणारा ताण उरतोच. शतकापूर्वीच्या तबेल्याची जागा इथे कबुतरांनी घेतली होती. तडकलेल्या पुंगळीतून वायू मागे फुटला, तर तो नेमबाजाच्या हातावर आणि डोळ्यांवर येतो, म्हणून त्या फळीवरचा संपूर्ण माल, चिरा दिसलेला आणि न दिसलेला दोन्ही, वापरातून काढण्याची शिफारस केली. त्यावर खर्चाचा प्रश्न निघाला, पण प्रशिक्षक ताईंनी तो पुढे जाऊ दिला नाही.

काय ठरले

पहिला निर्णय असा की, काडतुसांच्या खोलीत काडतुसांशिवाय काही राहणार नाही. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे ४९५ क्रमांकाचे मानक काडतुसे आणि ज्वलनशील माल यांच्यात एक तास आग रोखणारी भिंत किंवा सुमारे साडेचार मीटर अंतर मागते. गाळ्यात तेवढे अंतर सुटत नाही, म्हणून भिंत हाच मार्ग होता. नऊ इंची विटांची भिंत ही अट सहज पुरी करते. सिलिंडर, डिझेल आणि द्रावणे भिंतीपलीकडे गेली, सॅनिटायझर तर क्लबबाहेरच काढले. शस्त्रे वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात, आणि प्रत्येक वेळी दोघांनी रिकामी असल्याचे पाहून ठेवायची.

दुसरा निर्णय खोली खाली आणण्याचा होता व त्यावर सर्वांत जास्त वाद झाला. ज्यांनी २००५ चे पाणी पाहिले होते, त्यांना तळमजला नको होता. पण अर्ध्या टनाचा माल लोखंडी कोन आणि प्लायच्या पोटमाळ्यावर, तोही तापत्या पत्र्याखाली, ठेवणे दोन्ही अर्थांनी जड होते. शेवटी तळमजल्यावर, गुडघाभर उंचीचा पक्का चौथरा बांधून त्यावर मांडणी करायचे ठरले. मांडणी भिंतीपासून वितभर सुटी ठेवायची, म्हणजे ओल चढली तरी पुठ्ठ्याला लागणार नाही आणि मागची बाजू डोळ्यांना दिसत राहील.

एअर कंडिशनरऐवजी सतत चालणारे आर्द्रता कमी करणारे यंत्र घ्यायचे ठरले. स्थिर तापमान हे थंड तापमानापेक्षा अधिक उपयोगाचे असते, हे दवाच्या प्रयोगाने सर्वांना पटले होते. यंत्राची वीज धातूच्या नळीतून, वीजगळती झाल्यास बंद होणाऱ्या स्विचवरून, आणि पाणी नळीने बाहेर. खोलीत दुसरे प्लग पॉइंट नाहीत. लागणारा माल आदल्या संध्याकाळी बंद डबीतच बाहेर काढायचा आणि सकाळी उघडायचा. खिडकीला बारीक जाळी बसली. हवालदारसाहेबांनी स्वतःहून वहीत आर्द्रतेचा आणि तापमानाचा रकाना आखला, आणि शिल्लक आता लॉटनिहाय मांडली जाते, म्हणजे जुना माल आधी संपतो.

दाराशी टांगलेले कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक यंत्र बाहेरच्या विजेच्या बोर्डाजवळ नेले. बारुदीत जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्या रसायनातच असतो, त्यामुळे हवा कोंडून ती विझत नाही. तिला पाण्याने थंड करावे लागते. खोलीबाहेर होज रील (पाण्याच्या नळीचे रीळ) बसवण्याचे काम त्यासाठीच घेतले. भिजलेली काडतुसे नंतर वापरायची नाहीत, एवढे पथ्य.

फुसक्या काडतुसांसाठी रेंजवर खणांचा वेगळा डबा ठेवला. ती कचऱ्यात टाकणे गुन्हा ठरेल आणि तेलात बुडवून ती निकामी होतात हा समज भरवशाचा नाही. नोंद करून, परवानाधारक विक्रेता आणि पोलीस यांच्या मार्गानेच ती बाहेर जातील. परवान्याची बाजू शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ खाली, ठाण्यात पोलीस आयुक्तालयामार्फत चालते. सुटी बारूद मात्र स्फोटके नियम २००८ च्या कक्षेत येते. क्लबमध्ये रिकाम्या पुंगळ्यांत बारूद घालून काडतुसे पुन्हा भरली जात नाहीत आणि यापुढेही भरायची नाहीत, असा ठराव कार्यकारिणीने केला.

एक पेच सुटायला वेळ लागला. अग्निशमन दलाला खोलीत काय आहे हे कळायला हवे, पण दारावर पाटी लावली तर चोरालाही तेच कळते. अखेर पाटी बाहेरच्या दारावर न लावता आतल्या दारावर लावली. खोलीचा नकाशा, मालाचा प्रकार, कमाल साठा आणि रात्री संपर्क करायच्या दोघांची नावे असलेले पत्र पोलीस ठाण्याला आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला दिले, आणि केंद्रातील अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जागा दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न सिलिंडर कुठे आहे हाच विचारला, आणि तो हलवल्याचे ऐकून पुढची पाहणी बरीच सोपी झाली.

भिंतीचे काम पूर्ण झाले आहे. चौथऱ्याचे बांधकाम गाळ्याच्या मालकाच्या लेखी संमतीसाठी थांबले आहे, त्यामुळे तूर्त साठा पोटमाळ्यावरच आहे, पत्र्याखाली उष्णतारोधक छत घातलेले आहे, आणि चौथरा होईपर्यंत नवा माल उतरवून घ्यायचा नाही असे कार्यकारिणीने विक्रेत्याला लेखी कळवले आहे.